पुढलं उजवं चाक

"काकी, हलू नका. शिंक आली तरी दाबून धरा."

माझा धोंडीराम जमिनीवर पालथा पडून ओरडला, आणि माझी धाकटी जाऊ मालन गाडीत पाटावरच्या नवरीसारखी ताठ झाली. पदर खोचलेला, दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोक्यावर हेल्मेट आणि त्याच्या काचेतून दिसणारे भलेमोठे डोळे. गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची, वर टप नाही. चार चाकांखाली चार वजनकाटे. गूळ अडतीतून मागून आणलेले, म्हणून त्यांना मुंग्या लागलेल्या. मी चहाचा ट्रे धरून दारात.

"मी बसते जरा वेळ," मी म्हटलं. "तिची पाठ धरली असंल."

"आई, तुझं वजन किती?"

"असंल साठ-बासष्ट."

पोरगं गाडीखालनं खिंकाळलं. "साठ-बासष्ट कवा होतं गं? माझ्या जन्माच्या आधी? गाडी चालवणारा सत्या हेल्मेटासकट एकुणसाठ किलो, काकीबी हेल्मेटासकट एकुणसाठ. तू बसलीस तर अडत्याला काटा भरून द्यावा लागंल."

मालन हेल्मेटात हसली. हसली तसा काटा थरथरला, आणि धोंडी तिच्यावर नाही, माझ्यावर खेकसला, "आई, तू जा बघू आत!"

माझ्या दुकानातून मला आत जायला सांगत होता.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं कमानीचं दुकान. ट्रकच्या चाकावर पोलादी पाट्यांची जी कमान असते, ती तापवायची, ठोकायची, बाक द्यायचा, हा धंदा. नवरा गेला तेव्हा धोंडी नऊ वर्षांचा. दीर त्याच्या आधीच गेलेला. मी भात्याशी बसले, घण उचलला, दोन्ही घरं ओढली. शाळा माझी चौथी, पण ट्रक दारात लागला की मागनं नुसतं बघून सांगायची, डाव्या कमानीचा तिसरा पाटा मोडलाय. ड्रायव्हर लोक पैजा लावायचे आणि हरायचे. मालन तेव्हा काय करायची? भाकऱ्या. चांगल्या करायची, खोटं कशाला बोलू.

पण तिचा सत्यजित गाडी पळवायला शिकला आणि उलटंपालटं झालं. माझ्या पोराचं नाव सासऱ्यांनी ठेवलं धोंडीराम, तिच्या पोराचं तिनं ठेवलं सत्यजित. नावापासनंच बघा. सत्यजित पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारी येणार, फौंड्रीवाल्या अण्णासाहेब मगदुमांची लाल गाडी पळवणार, कप घेणार. पेपरात फोटो आला तर गाडी, सत्यजित आणि त्याच्या गळ्यात हात टाकून मालन. धोंडी त्याच फोटोत होता. त्याचे पाय होते. गाडीखालनं बाहेर आलेले.

त्या फोटोची चौकट करून मालननं तो देवाजवळ लावला. मी रोज दिवा लावताना ते पाय बघायची.

गाडी वळणावर तोलात कशी ठेवायची ते धोंडीनं मला सांगितलं होतं, आणि मला ते सांगायच्या आधीच कळलं होतं. गाडी म्हणजे बाजलं. बाजल्याच्या एका पायाखाली चिपटी घाला, भार त्या पायावर तर येतोच, पण समोरच्या तिरक्या पायावरबी येतो, आणि उरलेले दोन हलके होतात. मग बाजलं डुगडुगतं. गाडीचं तसंच. प्रत्येक चाकाला शॉकअप, त्यावर स्प्रिंग, स्प्रिंगीखाली पेचाची रिंग. रिंग वर फिरवली की तो कोपरा उचलतो. चारही कोपऱ्यांचं वजन काट्यावर बघत बघत रिंगा अर्धा-पाव फेरा फिरवायच्या, दोन्ही तिरक्या जोड्यांचा भार सारखा आला पाहिजे. आला की गाडी डावीकडं वळते तशीच उजवीकडं वळते. नाही आला की एकीकडं नाक पुढं पळतं आणि दुसरीकडं शेपूट मारते. आणि हे सगळं चालवणाऱ्याचं वजन सीटवर असताना करायचं. म्हणून मालन. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ठेवून बघितले धोंडीनं, पण गूळ माणसासारखा बसत नाही.

तर मालन तीन दिवस त्या गाडीत बसली. दुकानातली पोरं तिला विचारायची, "काकी, बरं वाटतंय का?" ती म्हणायची, "जरा डावीकडं जड लागतंय रं." आणि धोंडी, माझा धोंडी, तिचं ऐकून काट्याकडं बघायचा! ज्या बाईला गॅसची टाकी भरलेली का रिकामी ते कळत नाही, तिला!

शुक्रवारी अण्णासाहेब दुकानात आले. पांढरी विजार, तोंडात वेलदोडा.

"आक्काताई, तोंड गोड करा," ते मला म्हणाले. "रविवारी माळावर कोइमतूरची माणसं येणार. तिथं मोठं रेसिंग आहे, बारमाही. सत्यजित पसंत पडला तर घेऊन जाणार. पोराचं नशीब उघडलं."

"आणि धोंडीराम?"

"धोंडीराम काय?"

"गाडी त्यानं केलीया."

"व्हय की. चांगलं काम करतो. तो कुठं जातोय? तो हितंच. गाड्या काय संपत्यात व्हय?" ते हसले आणि माझ्या पोराच्या पाठीवर थाप मारली. ग्रीस लागलं म्हणून मग हात पुसला.

धोंडी परत गाडीखाली सरकला. मालन बोलली. तिला वाटलं ती समजूत घालतेय.

"आक्का, मनाला लावून घेऊ नका. धोंडीच्या हाताला गुण हाय. पण सगळ्यांनीच पुढं बसायचं म्हटलं तर कसं चालंल?"

ज्या दिवशी मी तोंड उघडत नाही, त्या दिवशी आमच्या घरात भांडी आपोआप हळू वाजतात.

शनिवारी दुपारी धोंडीनं शेवटचं सेटिंग लावलं. तिरक्या जोड्या किलोला किलो जुळल्या. "बास," तो म्हणाला, "आता हिला कुणी हात लावायचा न्हाई." काटे अडतीत परत गेले. सगळी जेवून लवंडली. दुकानाची किल्ली माझ्याकडं.

मी आतून कडी घातली. पुढल्या उजव्या चाकाला जॅक लावला, चाक काढलं. हुकाचा पाना घेतला, खालची लॉकची रिंग सैल केली आणि वरची वर फिरवली. एक फेरा. दुसरा फेरा. लॉक आवळली, चाक बसवलं, जॅक उतरवला. गाडी बघितली. डोळ्याला काही कळत नव्हतं. मलासुद्धा.

माझ्या मनात एवढंच होतं, की रविवारी त्या कोइमतूरवाल्यांसमोर सत्यजितची गाडी नाचावी. त्याचा हात कच्चा ठरावा. तो हितंच राहावा, जसा माझा राहणार होता. बाहेर येऊन मी चहा टाकला आणि मालनला उठवून कप दिला.

"आज तुम्ही मला झोपेतनं उठवून चहा दिला?" ती डोळे चोळत म्हणाली. "सूर्य कुठं उगवला म्हणायचा?"

रविवारी सकाळी टेम्पोवर गाडी चढवून सगळे माळावर गेलो. कोल्हापूरपासनं दीड तास. जुनी विमानाची धावपट्टी, भेगांत गवत. रस्त्यात खड्ड्यापाशी ठेवतात तसल्या लाल-पांढऱ्या टोप्या मांडून वाट आखलेली. डावी वळणं, उजवी वळणं. शेवटचं उजवं वळण पाण्याच्या टँकरजवळ. कोइमतूरचा मुख्य माणूस सावळा, उंच, निळ्या टोपीचा. हातात घड्याळ.

सत्यजित माझ्या पाया पडला. तो आधी माझ्याच पाया पडायचा, मग मालनच्या. मला थोरली आई म्हणायचा. "थोरली आई, आशीर्वाद द्या."

"जा," मी म्हटलं. तेवढंच तोंडातून निघालं.

गाडी सुटली. पहिल्या डाव्या वळणावर नाक पुढंच गेलं, एक टोपी उडाली. धोंडीनं मान वर केली. दुसऱ्या उजव्याला शेपूट झटकली, सत्यजितनं सावरली. "हे काय?" धोंडी पुटपुटला. "हे असं कसं?" मग शेवटचं उजवं. गाडीचं मागलं अंग भेलकांडलं, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि आडवी घसरत टँकरकडं गेली. धूळ. आवाज थांबला. धूळ खाली बसली तेव्हा टँकरचा पितळी नळ आणि सत्यजितचं डोकं यांच्यात एका हाताचं अंतर होतं.

मालन अनवाणी पळत गेली. मी नळाकडं बघत राहिले. मी उडणाऱ्या टोप्या, नाचणारी गाडी, कोइमतूरवाल्यांची तोंडं, सगळं बघितलं होतं मनात. नळ बघितला नव्हता.

"काय झालं न्हाई आई, सोड मला," सत्यजित म्हणत होता. निळ्या टोपीवाल्यानं त्याला हिंदीत विचारलं, त्यानं सांगितलं, डावीकडं नाक पळतं, उजवीकडं शेपूट. मग त्याला धोंडीचा चेहरा दिसला. तसा घाईनं म्हणाला, "पण चूक माझी. पाय उशिरा उचलला मी. गाडी चांगली हाय."

टोपीवाल्यानं मान हलवली. "ड्रायव्हर ठीक है," तो म्हणाला. "गाडी टेढी बैठी है. सेटिंग किसने किया?"

अण्णासाहेब धोंडीकडं वळले. सगळ्या माणसांदेखत.

"ऐरणीवर ठोकणारा माणूस घेतला ही माझी चूक! पोरगं मेलं असतं की रं! उद्यापासनं माझ्या फाटकात दिसू नकोस. आणि तूच काय, उद्यमनगरात कुणी तुला स्पेअर चाक बदलायला दिलं तर मला येऊन सांग."

धोंडीचे हात लोंबत होते. "चुकलं असंल, अण्णासाहेब," तो म्हणाला. "पण कुठं चुकलं ते काट्याबिगर मला सांगता यायचं न्हाई."

काटे गूळ अडतीत. वहीत काट्यांचे आकडे होते, पण पेच किती उघडा ठेवला ते त्यानं कुठं टिपलं नव्हतं. त्याचा सगळा भरवसा काट्यावर.

म्हणजे बघा. मी पाडायला गेले तिच्या पोराला. गाडी वाकडी गेली की नाव कुणाचं निघतं, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वीस वर्षं लोकांच्या गाड्या नीट केल्या मी, मला कळू नये!

"एक घंटा," टोपीवाला म्हणाला. दुसरी फेरी तासाभरानं होती.

"मी तशीच चालवतो," सत्यजित म्हणाला. "उजवीकडं हळू घेतो. दादा, तू डोक्याला हात लावू नको."

"तशी न्हाई चालवायची," धोंडी म्हणाला. "गाडी टेम्पोत चढवा."

"दादा, चढवली तर तुझं नाव गेलं की रं कायमचं!"

"जाऊ दे."

मालन सत्यजितची कॉलर धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. काही कळून नाही, घरात काही झालं की ती माझ्याकडंच बघायची. पंचवीस वर्षांची सवय.

"पुढलं उजवं," मी म्हटलं.

"काय?" अण्णासाहेब.

"पुढलं उजवं चाक. रिंग दोन फेरे वर हाय. काल दुपारी मी फिरवली."

अण्णासाहेब हसले. "आक्काताई, पोराला वाचवायला काय बी सांगू नका. तुम्हाला काय कळतंय ह्यातलं?"

पन्नास माणसांत मी गुन्हा कबूल करत होते, आणि ते मला चोर मानायलासुद्धा तयार नव्हते.

मी पदर खोचला. "जॅक आणा," मी म्हटलं. कुणी हललं नाही. मग धोंडीनंच आणला. माझ्याकडं बघत नव्हता. मी धुळीत बसले, चाक काढलं, हुकाचा पाना लॉकच्या रिंगेत अचूक घातला. आजूबाजूची कुजबुज थांबली. वरची रिंग खाली. एक फेरा. दुसरा. बोटानं पेच चाचपला, नखभर आणखी खाली घेतली, कारण शनिवारी दुसरा फेरा मी रागात जरा जास्तच ओढला होता. लॉक आवळली. उठताना गुडघा कडकडला. वर बघितलं तर टोपीवाला वाकून माझ्या हातांकडं बघत होता.

आणि एक सांगते, लाज वाटते तरी सांगते. त्या घटकेला मला बरं वाटलं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"आता बसतो मी," सत्यजित हेल्मेट उचलत म्हणाला.

"थांब," मालन म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिनं त्याच्या शेजारची सीट दाखवली. "आक्का, तुम्ही बसा हितं."

"मालन..."

"माझं पोरगं त्यात बसणार होतं, आक्का. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला चहा दिला. आता नीट केलीया म्हणता न्हवं? मग बसा त्याच्या शेजारी. फिरून या. तुम्ही उतरल्याबिगर तो फेरी मारायचा न्हाई."

"काकी, आईचं वजन डावीकडं..." धोंडी बोलायला लागला.

"पडू दे वजन," मालन म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यात हेल्मेट घातलं. पट्टा आवळताना हनुवटीची कातडी चिमटीत सापडली. ते मुद्दाम होतं की नाही, अजून मला सांगता येत नाही.

सत्यजितनं गाडी काढली. माझ्यासारखी बाई डावीकडं बसलेली, तरी बुडाखाली मला कळलं, चारही चाकं जमिनीला सारखी धरून आहेत. डावं वळण गेलं. उजवं गेलं. टँकर दिसायला लागला.

"थोरली आई, घट्ट धरा. उजवं येतंय."

थोरली आई. त्यानं हाक बदलली नव्हती. एखादी शिवी चालली असती मला. गाडी टँकरला वळसा घालून दोरीवरून सरकल्यासारखी निघाली, शेपूट जागची हलली नाही.

"गाडी नीट बसली की ओ," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "डोळे पुसून घ्या. उतरल्यावर सगळे बघत्यात."

दुसऱ्या फेरीत त्यानं माळावरचा सगळ्यात चांगला वेळ काढला. टोपीवाल्यानं त्याला निवडला. मग धोंडीची वही मागवली, काट्यांचे आकडे बघितले, गुळाच्या काट्यांची गोष्ट ऐकून पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, हा पण येऊ दे. अण्णासाहेबांनी लगेच धोंडीच्या पाठीवर थाप मारली. हात पुसला नाही.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं झालं. माझं पोरगं तिच्या पोराच्या बरोबरीनं निघालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी धोंडी भात्याजवळ आला. आठ दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"कुणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी."

"मी मागितलं होतं का?"

मी निखारे सारत राहिले.

"मी खूश होतो, आई," तो म्हणाला. "गाडीखाली. तू एकदा विचारायचंस तरी."

सत्यजित अडीच वर्षांनी परत आला. खांदा मोडला होता, वेगाची हौस फिटली होती. आता इथंच कारखान्यात आहे, दोन मुलं आहेत, मला थोरली आजी म्हणतात. धोंडी आला नाही. तिकडं त्याचं मोठं नाव झालंय म्हणतात, बाहेरच्या देशातली माणसं गाडी तोलायला त्याला बोलावतात. लग्न तिकडंच केलं. माझ्या नावानं औषधं येतात, साडी येते, पत्ता त्याच्या अक्षरात असतो.

फोन तो मालनला करतो. दर गुरुवारी, सकाळी, भाजी निवडायच्या वेळेला.

"काकी, कशा हायसा?" एवढं मला फोनातून ऐकू येतं, मग ती फोन कानाशी घट्ट धरते. मुद्दाम नाही, कमी ऐकू येतं तिला. ती त्याला गुडघ्याचं सांगते, पावसाचं सांगते, सत्यजितच्या धाकट्याचे दात पडले ते सांगते. तो विचारत असावा, कारण ती माझ्याकडं बघून म्हणते, "हाय की, बरी हाय. गोळ्या घेती." मग दर वेळी फोन माझ्यापुढं करते. "आक्का, बोलता?"

"माझे हात ओले आहेत," मी म्हणते. "जेवला का ते विचार."

"जेवला का म्हणून विचारती तुझी आई," ती सांगते, आणि तो काहीतरी बोलतो, आणि ती हसते. मोठ्यानं, तोंडाला पदर लावून. मी मेथी निवडत बसते आणि तो काय बोलला असेल ते तिच्या हसण्यावरनं ओळखायला बघते.